दुकानाला उंबरठा हवा
(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गानें आपण निघालां, कीं खेड-शिवापूर मागें पडल्यावर आणि नसरापूर येण्यापूर्वीं वरवे बुद्रुक नांवाचें गांव लागतें. बनेश्वराच्या दर्शनाला किंवा राजगडाच्या वाटेनें जातांना आपल्यापैकीं पुष्कळजण या गांवावरून गेले असतील. परंतु तेथें थांबण्याचें कारण फारच थोड्यांना पडलें असेल. मला मात्र तेथें रोज जावें लागतें. लोखंडी फाटकें, खिडक्यांच्या जाळ्या आणि पत्र्याच्या शेडी तयार करण्याचा माझा लहानसा कारखाना तेथें आहे. मी आणि माझे दोन कारागीर, एवढाच आमचा पसारा. गिऱ्हाइकें बहुतेक पुण्याचीं.

आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे तो लोखंडाचा नाहीं, बोलण्याचाच आहे. लहान धंदा करणाऱ्यानें गिऱ्हाइकाशीं केव्हां, किती आणि कोणत्या मार्गानें बोलावें, आणि त्या बोलण्याला कांहीं सीमा असावी कीं नसावी, हा तो प्रश्न. कित्येकांना तो क्षुल्लक वाटेल. गिऱ्हाईक म्हणजे देव, त्याला कसली आली आहे सीमा, असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु देवाचाही दिनक्रम ठरलेला असतो. रात्रीं शेजारती झाली कीं देऊळ बंद होतें आणि पहांटे काकडआरतीला तें उघडतें. मध्यरात्रीं गाभाऱ्याचें दार ठोठावणाऱ्याला आपण भक्त म्हणत नाहीं.

या प्रश्नाकडे माझें लक्ष कसें गेलें तें आधीं सांगतों. चार वर्षांपूर्वीं एका गिऱ्हाइकाचें घर डोंगराच्या पायथ्याशीं बांधलें जात होतें. फाटक दहा फुटी करावयाचें ठरलें होतें. एके रात्रीं अकराच्या सुमारास घरधन्यांचा निरोप आला, 'मोटार वळवायला अडचण होईल, बारा फूट करा.' मीं 'होय' असें उत्तर दिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांच्या पत्नीनें आपल्या आवाजांत निरोप पाठविला कीं, खांब बांधून झाले आहेत, दहाच फूट राहूं द्या. त्या दिवशीं माझ्या व्हॉट्सॲपवर साठ-सत्तर निरोप येऊन पडले होते. त्या ढिगांत हा एक ऐकावयाचा राहून गेला. बारा फुटी फाटक टेंपोंतून डोंगराखालीं गेलें आणि दहा फुटी खांबांपुढें उभें राहिलें. कोणी खोटें बोललें नव्हतें, कोणी फसविलें नव्हतें. तरीही लोखंड वांया गेलें. निम्मा तोटा मीं सोसला, निम्मा त्यांनीं सोसला; संबंध मात्र पुरता तुटला.

त्याच महिन्यांत दुसरी गोष्ट घडली. लोखंड कापण्याचें यंत्र चालू असतां खिशांतला फोन वाजला आणि माझी नजर क्षणभर ढळली. डाव्या तळहाताला सात टांके पडले. दवाखान्यांतून परत आल्यावर तो फोन कोणाचा होता हें मीं पाहिलें. 'काम कुठवर आलें?' एवढेंच त्या गृहस्थांना विचारावयाचें होतें. त्या रात्रीं हाताला पट्टी बांधून मी जेवावयास बसलों असतांना आणखी दोन फोन आले. तेव्हां माझ्या लहान मुलीनें विचारलें, "बाबा, रोज जेवतांना तुम्ही 'हो साहेब, हो साहेब' असें कोणाला म्हणतां?" या प्रश्नाचें उत्तर मला देतां येईना. तेव्हांपासून मी या गोष्टीचा विचार करूं लागलों.

पूर्वीं हा प्रश्न आजच्या स्वरूपांत उभा राहत नसे, कारण गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यामध्यें निसर्गानेंच कांहीं अंतर ठेविलें होतें. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ मध्यें लिहिलेल्या 'गांवगाडा' या ग्रंथांत आपल्या खेड्यांतील बलुतेदारीचें जें वर्णन आहे, त्यावरून ही व्यवस्था चांगली ध्यानांत येते. कुणब्याचें आऊत मोडलें तर तो सुताराकडे किंवा लोहाराकडे चालत जाई. दिवस मावळला कीं भाता थंड होई. मोबदला कामागणिक न मिळतां सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याच्या रूपानें मिळे. लोहार कोणाचें काम करतो आहे, आपल्या आधीं कितीजण आहेत, हें येणाऱ्याला डोळ्यांनीं दिसे. त्यामुळें 'कुठवर आलें' हें विचारण्याचें कारण फारसें पडत नसे.

परंतु जुनें तेवढें सोनें, असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. त्याच गांवगाड्यांत अशीही माणसें होतीं, कीं ज्यांच्या वेळेवर कसलीच मर्यादा नव्हती. महार वतनदारांना गांवचीं आणि सरकारचीं कामें हांक येईल तेव्हां करावीं लागत. १८७४ च्या वतन कायद्यांत दुरुस्ती सुचविणारें विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ मध्यें मुंबईच्या कायदेकौन्सिलांत मांडलें. त्यांतील एक प्रमुख मागणी अशी होती कीं, वतनदारानें कोणकोणतीं कामें करावयाचीं हें ठरवून द्यावें. शेवटीं १९५८ च्या कायद्यानें हीं कनिष्ठ वतनें रद्द झालीं. जातीच्या जुलमानें लादलेली ती वेठ आणि माझ्यासारख्या स्वखुषीनें धंदा करणाऱ्याची कटकट यांची तुलना करणें हा अविचार होईल, आणि मी ती करीतही नाहीं. पण त्या लढ्यांतून एक तत्त्व सर्वांनाच शिकण्यासारखें आहे. ज्या कामाची व्याप्ति ठरलेली नसते त्या कामाला अंत नसतो. आणि ज्या वेळेला अंत नसतो तिची किंमतही कोणी देत नाहीं.

आतां पुण्याकडे वळूं. दुपारीं एक ते चार दुकान बंद ठेवण्याच्या पुणेरी पद्धतीची थट्टा आपण सर्वांनीं केली आहे. १९५० मध्यें पुण्यांत सुरू झालेल्या चितळे बंधूंच्या दुकानाची दुपारची विश्रांति तर दंतकथेसारखी सर्वतोमुखीं झाली होती. परंतु थट्टा बाजूला ठेवून पाहिलें तर काय दिसतें? बाकरवडी हवी असलेला मनुष्य एकच्या आधीं येई किंवा चारनंतर येई. दुकान बंद असतें हें त्याला ठाऊक होतें, म्हणून त्याची फेरी फुकट जात नसे. नियम पक्का होता, जाहीर होता आणि लहानमोठ्या सर्वांना सारखा होता. पुढें काळ पालटला, आणि २०१७ मध्यें त्या दुकानानें दुपारींही उघडें राहावयाचें ठरविलें. तेंही उघडपणें जाहीर करून. मर्यादा घालणें आणि काळ पाहून ती हलविणें, हे दोन्ही अधिकार दुकानदाराचेच आहेत, हें यावरून दिसतें. मर्यादेचें बळ तिच्या कडकपणांत नसून ती आधीं ठाऊक असण्यांत आहे.

पुणेरी पाट्यांविषयीं मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या पाट्यांतील तिरकसपणा आपल्याला गोड वाटतो, पण धंद्याच्या दृष्टीनें तो अर्धवट आहे. काय करूं नये हें पाटी खडसावून सांगते. काय करावें हें बहुधा सांगत नाहीं. 'दुपारीं दुकान बंद' या शब्दांपेक्षां 'दुकान चार वाजतां उघडेल' हे शब्द अधिक उपयोगाचे आहेत. दोहोंचा अर्थ एकच. पण पहिल्यानें मनुष्य हिरमुसतो, दुसऱ्यानें तो चार वाजतां येतो.

कायद्यानेंही या बाबतींत एके काळीं लहान दुकानदाराला आधार दिला होता. १९३९ मध्यें मुंबई प्रांतानें दुकानें व आस्थापना यांविषयींचा कायदा केला आणि १९४८ मध्यें त्याची जागा अधिक विस्तृत अशा कायद्यानें घेतली. दुकान केव्हां उघडावें, केव्हां मिटावें, आणि आठवड्यांतून एक दिवस बंद ठेवावें, असे नियम त्यांत होते. ते नियम मुख्यतः नोकरांच्या हिताचे होते हें खरें. पण त्यांचा एक फायदा मालकालाही मिळे. समोरचें दुकानही त्याच वेळीं बंद होत असल्यामुळें आपलें गिऱ्हाईक तिकडे जाईल ही धास्ती उरत नसे. २०१७ च्या महाराष्ट्र कायद्यानें बहुतेक दुकानांना वर्षाचे सर्व दिवस उघडें राहण्याची मोकळीक दिली. व्यापाराला ती सोयीची झाली; पण दार मिटण्याची जबाबदारी आतां ज्याची त्याच्यावर येऊन पडली.

नोकरदारांसाठीं जगभर नवे कायदे होत आहेत. कामाचे तास संपल्यावर दूरध्वनि किंवा पत्र न पाहण्याचा हक्क फ्रान्समध्यें २०१७ च्या आरंभापासून अमलांत आला. वरवे बुद्रुक ज्या बारामती लोकसभा मतदारसंघांत येतें, तेथील खासदार सुप्रिया सुळे यांनीं अशाच हक्काचें खाजगी विधेयक २०१८ मध्यें लोकसभेंत मांडलें आणि २०२५ मध्यें पुन्हा मांडलें. हे प्रयत्न स्तुत्य आहेत. पण नीट पाहिलें तर माझ्यासारख्याला त्यांचा उपयोग नाहीं. हा हक्क नोकराला मालकाविरुद्ध मिळतो. जो स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर, त्यानें तो कोणाविरुद्ध मागावा? शिंपी, छपाईवाला, घरगुती डबे देणाऱ्या बाई, शिकवणी घेणारे गुरुजी, हिशेब लिहिणारे सल्लागार, या सर्वांची हीच स्थिति आहे. त्यांचा कायदा त्यांनींच करावयाचा असतो.

तो कसा करावा, हें ठरविण्यापूर्वीं गिऱ्हाईक वेळीं-अवेळीं फोन कां करतें, हें समजून घेणें अवश्य आहे. पुष्कळ दिवस माझी समजूत अशी होती कीं शहरांतल्या लोकांना धीर नसतो. हात बरा होईपर्यंत मला बसून राहावें लागलें, तेव्हां जुने निरोप मीं एकेक करून वाचून काढले. त्यांतील बहुतेकांत राग नव्हता, काळजी होती. आणि ती वाजवी होती. त्या माणसानें इसार दिलेला असतो. कारखाना त्याच्या घरापासून कितीतरी मैल दूर असतो. काम सुरू झालें आहे कीं नाहीं, हें जुन्या कुणब्याप्रमाणें त्याला डोकावून पाहतां येत नाहीं. त्याच्या हातांत एकच साधन असतें, तें म्हणजे फोन. तो वाजवितो तो मला छळण्यासाठीं नव्हे, तर आपले पैसे आणि आपलें घर सुरक्षित आहे ना, एवढें चांचपून पाहण्यासाठीं. तेव्हां मला कळलें कीं नुसता उंबरठा घालून भागणार नाहीं. उंबरठ्याशेजारीं एक खिडकीही ठेवली पाहिजे.

म्हणून मीं जे नियम केले, त्यांतील पहिला नियम गिऱ्हाइकासाठीं नसून माझ्यासाठीं आहे. ज्यांचें काम हातीं असेल त्यांना दर बुधवारीं आणि शनिवारीं संध्याकाळीं, त्यांनीं न विचारतां, कामाचें एक छायाचित्र आणि दोन ओळींची हकीकत पाठवावयाची. काम झालें नसेल तर झालें नाहीं असें लिहावयाचें आणि कारणही लिहावयाचें. हा नियम पाळावयास सर्वांत कठीण आहे, कारण आपला उशीर आपणहून सांगावयास जीभ रेटत नाहीं. पण या एका गोष्टीनें जितके फोन कमी झाले तितके बाकीच्या साऱ्या नियमांनीं मिळून झाले नाहींत.

दुसरा नियम वेळेचा. धंद्यासाठीं मीं वेगळा क्रमांक घेतला. त्यावर सकाळीं दहा ते अकरा आणि संध्याकाळीं पांच ते साडेसहा मी बोलतों. यंत्र चालू असतां फोन खिशांत नसतो, कपाटांत असतो. रविवारीं तो बंद. धंद्यासाठीं व्हॉट्सॲपची जी निराळी सोय २०१८ पासून मिळूं लागली, तींत आपल्या वेळा लिहून ठेवतां येतात आणि आपण हजर नसतांना आपोआप उत्तरही जातें. माझें उत्तर असें आहे: 'आपला निरोप मिळाला. उद्यां सकाळीं दहानंतर पाहून कळवितों.' त्यांत क्षमा नाहीं, सबब नाहीं, उपदेशही नाहीं. निरोप पोंचला आणि उत्तर केव्हां मिळेल, या दोन गोष्टी कळल्या कीं बहुतेकांना तेवढें पुरतें.

तिसरा नियम मुखाचा. प्रत्येक कामांत एकाच व्यक्तीचा शब्द शेवटचा. ती व्यक्ति घरधनी असो, घरधनीण असो किंवा वास्तुशिल्पी असो, तें घरांत बसून त्यांनीं ठरवावें. चौथा नियम लेखाचा. माप, किंमत आणि तारीख या तीन गोष्टी बोलण्यावर घ्यावयाच्या नाहींत. अक्षरांत आणि अंकांत घ्यावयाच्या. कोणताही बदल सुचविला गेला, कीं त्यामुळें किंमत किती वाढेल आणि दिवस किती लागतील हें मी लिहून कळवितों, आणि त्यावर होकार येईपर्यंत लोखंडाला यंत्र लावीत नाहीं. हा नियम चार वर्षांपूर्वीं असता, तर तें बारा फुटी फाटक जन्मालाच आलें नसतें.

पांचवा नियम तातडीचा. फाटक निखळून रस्त्यावर पडलें, कुलूप अडकून माणूस आंत राहिला, शेडीचा पत्रा वाऱ्यानें उडाला, तर मध्यरात्रींही फोन करावा. त्यासाठीं वेगळा क्रमांक दिलेला आहे. तातडी कशाला म्हणावयाचें हें लिहून दिल्यापासून कोणी त्याचा गैरवापर केलेला नाहीं. माणसाला विश्वासानें दिलेली किल्ली तो सहसा उगाच फिरवीत नाहीं.

हे सर्व नियम दरपत्रकाच्या मागच्या बाजूस छापलेले असतात आणि इसार घेण्यापूर्वीं मी ते वाचून दाखवितों. क्रम येथें महत्त्वाचा आहे. तोच नियम आरंभीं सांगितला तर ती अट असते. भांडण झाल्यावर सांगितला तर तो अपमान होतो.

आतां याची किंमत किती पडली, तेंही प्रांजळपणें सांगतों. पहिल्या दोन महिन्यांत दोन कामें हातचीं गेलीं. एका गृहस्थांनीं स्पष्ट सांगितलें कीं, 'आमचा फोन न घेणाऱ्याकडे आम्ही काम देत नाहीं.' तो दिवस कठीण गेला, कारण कारागिरांचा पगार थांबत नाहीं. ज्याच्या घरांत एका कामावर महिन्याचा किराणा अवलंबून आहे, त्यानें माझ्याप्रमाणें सर्व नियम एका दिवसांत लागू करावेत असें मी म्हणणार नाहीं. त्यानें खिडकीपासून, म्हणजे न विचारतां बातमी देण्यापासून, आरंभ करावा. तिला पैसा लागत नाहीं आणि तिनें कोणी दुखावत नाहीं.

दुसरी अडचण स्वतःचीच. नियम गिऱ्हाईक मोडीत नाहीं, आपणच मोडतों. एकदां रात्रीं अकरा वाजतां मीं उत्साहानें एका पत्राला उत्तर दिलें. दुसऱ्या दिवसापासून त्या गृहस्थांचे सारे निरोप अकरा वाजतां येऊं लागले. त्यांचा काय दोष? मींच त्यांना ती वेळ दाखविली होती. आतां रात्रीं कांहीं सुचलें तर मी तें लिहून ठेवितों आणि सकाळीं धाडतों.

आणि नियमाला हंगामही असावा. पंढरपुरास आषाढीच्या यात्रेच्या दिवसांत विठोबाचा पलंग काढून ठेवतात आणि देव रात्रंदिवस दर्शनाला उभा राहतो. पण यात्रा सरली कीं प्रक्षाळपूजा होते आणि पलंग परत जागेवर येतो. माझ्या धंद्यांत मृगापूर्वींचे दिवस असेच असतात. पावसाआधीं शेड उभी राहावी म्हणून सर्वांचीच घाई असते. त्या दिवसांत आम्हीही उशिरांपर्यंत बोलतों आणि काम करितों. फक्त पाऊस लागल्यावर पलंग परत आणावयास विसरत नाहीं.

शेवटीं, श्रोतेहो, एक विनंति. आपल्यापैकीं धंदा करणारे थोडे असतील. परंतु गिऱ्हाईक तर आपण सर्वच आहों. शिंप्याला, नळदुरुस्ती करणाऱ्याला, मुलांच्या शिक्षकांना रात्रीं निरोप पाठवितांना, पलीकडे तो माणूस जेवत असेल किंवा यंत्रावर उभा असेल, एवढें एकदां मनांत आणावें. विचारावयाच्या चार गोष्टी चार वेळां न विचारतां एकदां लिहून विचाराव्यात. घरांत दोन मतें असतील तर तीं घरांतच मिटवून मग कारागिराला सांगावें. त्यांत कारागिरावर उपकार नाहीं. फाटक आपलेंच असतें आणि खांबही आपलेच असतात.

माझी मुलगी आतां मोठी झाली आहे. संध्याकाळीं साडेसहाला मी फोन कपाटांत ठेवितों, तेव्हां त्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असते. मागितली तर ती देते, पण आधीं विचारते, "काय पडलें आहे, फाटक कीं पत्रा?" बहुतेक दिवशीं दोन्हींपैकीं कांहींच पडलेलें नसतें, आणि मी जेवावयास बसतों.